ब्लूटूथ स्पीकर आणि खानदेशचं ऊन: या चुका टाळा

खानदेशात ब्लूटूथ स्पीकर पाण्याने कमी आणि उन्हाने जास्त मरतो. दुकानात मात्र प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला, "वॉटरप्रूफ आहे ना?" मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि तो आकडा सावलीतल्या हवेचा असतो. स्लॅब, पत्रे, बंद गाडीचा डॅशबोर्ड हे सगळं त्याहून कितीतरी जास्त तापतं. स्पीकरच्या आत लिथियम-आयनची बॅटरी असते. ती साधारण ६० अंशांपर्यंत गाणी वाजवू शकते, पण चार्ज करायची तिची मर्यादा ४५ अंशांच्या आसपास संपते. आपल्याकडच्या बहुतेक तक्रारींचं मूळ या दोन आकड्यांच्या मधल्या फरकात आहे.

वाळवणाचे दिवस आठवा. बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायला बायका पहाटेच गच्चीवर जातात, स्पीकर कठड्यावर ठेवून अहिराणी गाणी लागतात. नऊ-दहाला ऊन चटके द्यायला लागलं की पातेली, झारे, पाट सगळं खाली येतं. स्पीकर तिथेच राहतो. त्याची आठवण होते दुपारी चारला. तेव्हा तो हातात धरवत नाही, बॅटरी उतरलेली असते, म्हणून कोणीतरी तो तसाच आणून चार्जिंगला लावतो. मग दोनपैकी एक होतं. स्पीकर बरा असेल तर त्यातलं संरक्षक सर्किट चार्जिंग अडवतं, दिवा लागत नाही किंवा नुसता लुकलुकतो आणि घरात "बिघडला" म्हणून जाहीर होतं. स्वस्तातला असेल तर तो तापलेल्या अवस्थेतच चार्ज होतो, बॅटरीचं आयुष्य गुपचूप कमी होतं आणि पुढच्या वर्षी आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोक्याजवळ लावलेला स्पीकर तासाभरात मान टाकतो.

करायचं एवढंच: तापलेला स्पीकर बंद करा, घरात फरशीवर ठेवा आणि हाताला गार लागल्यावरच चार्जिंगला लावा. लवकर गार व्हावा म्हणून फ्रिजमध्ये ठेवू नका, बाहेर काढल्यावर आत दव धरतं. उन्हाळ्यात चार्जिंग रात्री उशिरा किंवा पहाटे केलेलं बरं. उशीवर, गादीवर ठेवून चार्ज करू नका आणि चार्जिंग चालू असताना मोठ्या आवाजात वाजवू नका, कारण त्या दोन्ही कामांची उष्णता एकाच डबीत कोंडते. गाडीच्या डिकीत स्पीकर विसरणाऱ्यांना तर मी काहीच सांगत नाही, त्यांना नवीन घ्यायची हौस असते.

बॅटरीच्या बाबतीत उलटी चूकही होते. लग्नसराई संपली की स्पीकर पूर्ण उतरलेला तसाच कपाटात जातो तो दिवाळीला निघतो. इतके महिने रिकामी राहिलेली बॅटरी इतकी खोल उतरते की बटण दाबून काहीच होत नाही. असा स्पीकर लगेच भंगारात काढू नका. चांगल्या चार्जरला लावून दोन-चार तास तसाच सोडा, पण घरात माणूस असतानाच. बऱ्याचदा सुरुवातीला दिवा लागत नाही आणि नंतर उठतो. ठेवून द्यायचा असेल तर साधारण अर्धा चार्ज करून ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा बघा.

चार्जरला दोष देण्याआधी वायर बघा

ही गोष्ट दुकानदारही नीट सांगत नाहीत. स्पीकरला टाइप-सी पोर्ट आहे, मोबाइलची दोन्ही बाजूंनी टाइप-सी असलेली वायर आहे, चार्जर चांगला ६५ वॅटचा आहे, तरी चार्जिंगचा दिवा लागत नाही. तीच वायर फोनला लावली की फोन चार्ज होतो. निष्कर्ष निघतो की स्पीकरचा पोर्ट गेला. बहुधा पोर्ट ठणठणीत असतो. सी-टू-सी वायरमध्ये चार्जर आधी समोरच्या वस्तूत ५.१ किलोओहमचे रेझिस्टर (वीज अडवणारे चिमुकले भाग) आहेत का ते तपासतो आणि ते सापडल्यावरच वीज सोडतो. बऱ्याच स्वस्त स्पीकरमध्ये कंपनीने काही पैसे वाचवायला ते घातलेलेच नसतात. जुन्या, एका बाजूला चपट्या आयताकृती तोंडाची वायर आणि तसाच चार्जर वापरला की ५ व्होल्ट थेट मिळतात आणि दिवा लागतो. म्हणून स्पीकरबरोबर आलेली आखूड वायर जपून ठेवा, मुलांच्या हाती देऊ नका.

मोठ्या वॅटच्या चार्जरने स्पीकर जळेल ही भीती मात्र फुकटची. तो चार्जर ५ व्होल्टनेच सुरुवात करतो आणि वरचा व्होल्टेज मागितल्याशिवाय देत नाही. वीज किती घ्यायची ते स्पीकर ठरवतो. भीती बाळगायची तर बसस्टँडबाहेर मिळणाऱ्या बिननावाच्या चार्जरची बाळगा.

वायर सैल बसत असेल तर पोर्टमध्ये टॉर्च मारून बघा. आपल्या काळ्या मातीची बारीक धूळ आणि कापसाचे तंतू आत दाबून बसतात. स्पीकर बंद करून लाकडी टूथपिकने हळूच काढा. सेफ्टी पिन घालू नका, टाइप-सीच्या मधली पातळ पट्टी एकदा वाकली की खेळ संपला.

पाण्याचा आकडा नीट वाचा

खोक्यावर आयपीएक्स७ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ एक मीटर खोल साध्या पाण्यात अर्धा तास टिकण्याची चाचणी झाली आहे. एक्सच्या जागी धुळीचा आकडा असतो आणि एक्स म्हणजे धुळीची चाचणी जाहीर केलेली नाही. पावसाळा सोडला तर आपल्याकडे धूळच जास्त, म्हणून आयपी६७ मिळत असेल तर तो घ्या. साबणाचं पाणी, होळीचा रंग, बाथरूममधली वाफ यांचा या चाचणीत हिशेब नसतो. पोर्टवर रबरी झाकण असेल तर ते घट्ट बसलेलं हवं, नाहीतर आकड्याला अर्थ नाही.

भिजलेला स्पीकर घुसमटल्यासारखा वाजतो, कारण जाळीत पाणी अडकतं. जाळी खाली करून सावलीत, पंख्याखाली ठेवा. पोर्ट पूर्ण कोरडा झाल्याशिवाय चार्जिंग नको. वाळवायला उन्हात ठेवलात तर वर सांगितलेलं सगळं पुन्हा वाचावं लागेल.

आवाज फाटतो, घरघरतो

उन्हाळ्यात घरात कूलर घुमत असतो. त्याच्यावर मात करायला स्पीकर शंभर टक्क्यांवर जातो आणि आवाज फाटतो. त्यात इक्वलायझरमध्ये बास टोकाला लावलेला. आवाज दहा डेसिबलने वाढवायचा तर ताकद दहा पट लागते, त्यामुळे खोक्यावरचे "१२ तास" इथे कुठल्या कुठे उडून जातात. ते तास मध्यम आवाजावर मोजलेले असतात. कूलरशेजारी ठेवलेला स्पीकर तिथून उचलून तुम्ही बसता त्याच्या जवळ आणा. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की सहा डेसिबल फुकट मिळतात. बास हवा असेल तर भिंतीला लागून कोपऱ्यात ठेवा. फोनचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवून स्पीकरवरून कमी-जास्त करून बघा. काही जोड्यांमध्ये दोन्हीकडचे आवाज वेगवेगळे चालतात आणि फोन अर्ध्यावर असल्यामुळे स्पीकर "कमी वाजतो" अशी तक्रार येते.

घरघर हा वेगळाच विषय. स्वयंपाकघरात फळीवर, स्टीलच्या डब्यांच्या रांगेत ठेवलेला स्पीकर ढोलकीच्या प्रत्येक थापेला चर्रचर्र करतो. दुकानात नेला की छान वाजतो, माणूस चिडून परत येतो. वाजत असतानाच स्पीकर हातात उचलून धरा. घरघर थांबली तर दोष स्पीकरचा नाही, शेजारच्या डब्याच्या सैल झाकणाचा आहे. खाली जाड नॅपकिनची घडी घाला. लोखंडी कपाटाच्या माथ्यावरही असंच होतं. हातातही घरघरला, तर बाजूची रबरी चकती बघा. बास वाजताना आतबाहेर हलते ती हीच. लहान मुलं ती बोटाने दाबतात, आणि तिला भेग पडली की तो आवाज सेटिंगने जात नाही. स्पीकर त्या चकतीवर उभा करून ठेवण्याचीही पद्धत आहे, तीही सोडा.

जोडणीच्या भानगडी

स्पीकर तुमच्या फोनला जोडला जात नसेल तर तो घरातल्या दुसऱ्या फोनला आधीच जोडलेला असतो, बहुतेक वेळा वरच्या मजल्यावर अभ्यास करणाऱ्या मुलाच्या. तिथलं ब्लूटूथ बंद करा. तरीही नाही जमलं तर दोन्ही फोनमधून स्पीकरचं नाव काढून टाका आणि नव्याने जोडा. मध्येमध्ये तुटत असेल तर अंतरापेक्षा आड काय आहे ते बघा. जुन्या घरांच्या जाड मातीच्या भिंती, लोखंडी कपाट, खच्चून भरलेली माणसं, सगळ्यातच हा सिग्नल अडतो. भरीत पार्टीत शेतात स्पीकर छान वाजतो आणि फोन खिशात घालून पऱ्हाट्या (कापसाच्या वाळल्या काड्या) गोळा करायला पलीकडे गेलं की तुटतो, कारण मध्ये आपलंच अंग आड येतं. फोन स्पीकरजवळ ठेवून जा.

फोन स्पीकरला जोडून ठेवायचा असेल तर आणखी एक काम आजच करा. अँड्रॉइडच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये स्पीकरच्या नावासमोरच्या चक्रावर जा, तिथे कॉलचा पर्याय बंद करा आणि मीडिया चालू ठेवा. नाहीतर हळदीच्या मांडवात गाणं थांबतं आणि मामांचा आवाज सगळ्या गल्लीला ऐकू येतो, "कोठे शेस रे? त्याना पैसा दिनात का नही?" पुढचं संभाषण वऱ्हाडी मंडळी अगदी शांतपणे ऐकतात.

टीव्हीला ब्लूटूथने जोडल्यावर ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. तो दोष नाही, आवाज पोहोचायलाच सेकंदाचा काही हिस्सा जातो. ऑक्सची, म्हणजे हेडफोनसारख्या पिनची, वायर लावा. ऑक्सवर गुणगुण येत असेल तर चार्जिंग काढून बघा, बहुतेक थांबते.

बॅटरी फुगून स्पीकरची शिवण उघडली किंवा तळ उंच झाला, तर मात्र सगळे प्रयोग बंद. चार्ज करायचा नाही, दाबून बसवायचा नाही, टाचणीने हवा तर अजिबात काढायची नाही. चांगल्या दुरुस्तीवाल्याकडून तेवढ्याच व्होल्टेजची, संरक्षक सर्किट असलेली बॅटरी बदलून घेता येते. जुनी घंटागाडीत टाकू नका, कचरा दाबणाऱ्या गाडीत ती पेट घेऊ शकते. ती ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या, आणि तोवर घराबाहेर सावलीत, पत्र्याच्या डब्यात वाळू घालून ठेवा.