चालढकलीवर लागू पडलेला उपाय

चालढकल म्हणजे आळस नव्हे. काम समोर आलं की होणारी धाकधूक टाळायची सवय. त्यामुळे नुसतं वेळापत्रक आखून भागत नाही. म्हणून मी वहीतली ‘रिपोर्ट लिहायचा’ ही नोंद खोडून तिथे लिहिलं: ‘लोकलने ठाणे सोडलं की मोबाइलवर फाइल उघडून पहिल्या परिच्छेदाचं शीर्षक टाकायचं.’ ‘अमुक झालं की तमुक’ ही बांधणी मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांची.

पण पहिला प्रयत्न फसला तो गर्दीमुळे. साडेआठच्या फास्टला खिशातून हातही निघत नाही, टायपिंग कुठलं! मग सुरुवातीची खूण बदलली: ऑफिसात डबा ड्रॉवरमध्ये ठेवला की लगेच १० मिनिटं रिपोर्ट, मोबाइल बॅगेत, वॉट्सअ‍ॅप नंतर. उठताना वाक्य मुद्दाम अर्धवट सोडायचं; दुसऱ्या दिवशी सुरुवात शोधावी लागत नाही.