कामावरून उठताना पुढची ओळ लिहून ठेवा

एप्रिल-मे महिन्यांत परभणी-नांदेडकडं पारा 40 अंशांच्या वर जातो. भर दुपारी पत्र्याखाली डोक्याचं काम होत नाही, त्यात तुमचा आळस नाही. अवघड काम पहाटे साडेपाच ते साडेनऊमध्ये उरका. फोन, फायली लावणं दुपारी.

पण पहाटेचा पहिला अर्धा तास "सुरुवात कुठून करू" यातच जातो. खरी गळती तिथं आहे. म्हणून आदल्या दिवशी कामावरून उठताना वहीत एकच ओळ लिहा, क्रियापदासह. नुसतं "हिशोब" लिहून भागत नाही. "मार्चच्या हरभऱ्याच्या पट्ट्या (विक्रीच्या पावत्या) 41 नंबरपासून पुढं चढवायच्या" असं लिहा. गठ्ठ्यात 41 नंबरची पट्टी वर, तिच्यावर पेन. मोबाईल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. उशाशी असला की गजर बंद करता करता व्हॉट्सअ‍ॅप उघडतं. गजराला साधं घड्याळ घ्या.

45 मिनिटं काम, मग 10 मिनिटं उठून पाणी. मधेच दुसरं काही आठवलं तर समासात दोन शब्द टिपा, जागा सोडू नका. झालेल्या ओळीसमोर तारीख टाका, खोडू नका. कंटाळा आला की मागची पानं चाळायला तीच वही कामाला येते.