‘पालात्सो’ म्हणजे राजवाडा? या चुका टाळा

आपल्याकडे ‘पलाझो’ म्हटलं की घेरदार पायजमा आठवतो. मूळ इटालियन शब्दाचा उच्चार मात्र ‘पालात्सो’. पिझ्झाचा तिथे ‘पित्सा’ होतो, तसाच. अनेक असतील तर ‘पालात्सी’.

उच्चार चुकला तर दुकानदार हसून सोडून देईल. खरी चूक होते ती शब्दाच्या अर्थामध्ये. प्रवासवर्णनांत सर्रास ‘राजवाडा’ असं भाषांतर दिसतं. फ्लॉरेन्समधला मेदिची पालात्सो १४४४च्या सुमारास बांधायला घेतला तो कोझिमो मेदिचीने. हा गृहस्थ पेढीवाला. गावाची सूत्रं त्याच्या हातात होती, पण डोक्यावर मुकुट नव्हता. फ्लॉरेन्स तेव्हा प्रजासत्ताक होतं. मला विचाराल तर ‘वाडा’ हाच शब्द चपखल. मधोमध चौक, भोवती खांबांच्या कमानी, आणि रस्त्याच्या बाजूला भिंतीलगत दगडी बाक. आपल्या ओट्यासारखाच, कुणीही टेकावं. भिंत जरा खालून वर बघत जा: तळाशी ओबडधोबड, फुगीर दगड, मधल्या मजल्यावर घडीव, सगळ्यात वर अगदी गुळगुळीत. मालकाचा थाट तळमजल्यावर नसे, तो त्याच्या वरच्या मजल्यावर. त्याला ‘पियानो नोबिले’ म्हणतात, आणि त्याचा वाजवायच्या पियानोशी काही संबंध नाही. इथे ‘पियानो’ म्हणजे मजला.

मग राजाचा वास आला कुठून? रोममध्ये पॅलेटाइन नावाची टेकडी आहे, लॅटिनमध्ये ‘पालातिउम’. सम्राट ऑगस्टस तिथे राहिला, पुढच्या सम्राटांनी तिथेच महाल वाढवले, आणि टेकडीचं नाव महालाला चिकटलं. इंग्रजी ‘पॅलेस’ही तिथलाच. नावाचा प्रवास उलटा सांगू नका. आधी टेकडी, मग महाल.

व्हेनिसमध्ये आणखी एक गंमत. तिथे परंपरेने पालात्सो एकच, डोजेचा, म्हणजे तिथल्या जुन्या प्रजासत्ताकाच्या प्रमुखाचा. बाकी धनिकांची घरं कितीही दिमाखदार असोत, ती नुसती ‘का’, म्हणजे ‘कासा’, घर. दर्शनी भाग एकेकाळी सोनेरी मुलाम्याने सजवलेलं ‘का द’ओरो’सुद्धा.

बातम्यांत ‘पालात्सो किजी’ आलं तर तो इमारतीचा पत्ता समजू नका. इटलीच्या पंतप्रधानांचं कार्यालय तिथे आहे, त्यामुळे ते सरकारबद्दल बोलत असतात.

आणि आजच्या बोलीत साधी फ्लॅटची इमारतही पालात्सोच. तेव्हा ‘पालात्सोत चौथा मजला, भाड्याने’ अशी जाहिरात दिसली तर झुंबरं शोधू नका. लिफ्ट आहे का, तेवढं विचारा.