फिल्टर रिकामा ठेवला की काही नोंदी गायब: माझा अनुभव

सर्च फॉर्मला शहर, विभाग आणि शिल्लक हे तीन ऐच्छिक फिल्टर. तिन्ही रिकामे ठेवले तरी ज्या नोंदींत शहर नल (म्हणजे व्हॅल्यूच नाही) आहे त्या येतच नव्हत्या. ना एरर, ना लॉगमध्ये काही, डोकं पिकलं.

डेटाबेसला पाठवायच्या एसक्यूएल क्वेरीत 'शहर = कोअलेस(पॅरामीटर, शहर)' अशी अट होती. पॅरामीटर म्हणजे फॉर्ममधून आलेली व्हॅल्यू, आणि कोअलेस कंसातली पहिली नल नसलेली व्हॅल्यू देतं. पॅरामीटर नल असला की उरतं 'शहर = शहर'. एसक्यूएलमध्ये नल = नल हे खरं ठरत नाही, त्यामुळे व्हेअर (क्वेरीतला अटींचा भाग) ती ओळ गाळतं. 'लाइक %' (कोणताही मजकूर जुळवणारा पॅटर्न) लावलं, तिथेही तेच. 'पॅरामीटर इज नल ऑर शहर = पॅरामीटर' लिहिल्यावर नोंदी बरोबर आल्या, पण मोठ्या टेबलवर इंडेक्स (झटपट शोधासाठीची सूची) सोडून एकेक ओळ वाचणारा पूर्ण स्कॅन सुरू झाला.

शेवटी क्वेरी कोडमध्येच जुळवली. आधी प्रत्येक इनपुट ट्रिम करून (कडेच्या स्पेस काढून) रिकामी स्ट्रिंग नल करायची. फॉर्म रिकामा रकाना नल म्हणून पाठवत नाही, हे विसरलात तर पुढचं सगळं फुकट. मग दोन रिकाम्या लिस्ट: एक अटींची, एक व्हॅल्यूंची. व्हॅल्यू नल नसेल तरच पहिलीत 'शहर = ?' आणि दुसरीत व्हॅल्यू, दोन्हीकडे क्रम तोच. तपासणी 'नल आहे का' अशीच हवी. नुसतं 'इफ व्हॅल्यू' लिहिलं तर अनेक भाषांत शिल्लक ० हा फिल्टरही उडतो. नंतर अटी 'अँड'ने जोडायच्या. लिस्ट रिकामी असेल तर व्हेअर लिहायचंच नाही. व्हॅल्यू बाइंडच करायच्या, म्हणजे '?'च्या जागी वेगळ्या पाठवायच्या; क्वेरीच्या स्ट्रिंगमध्ये चिकटवल्या की इंजेक्शनला (इनपुटमधून एसक्यूएल घुसवण्याला) दार उघडं. सॉर्टिंगच्या कॉलमचं नाव मात्र बाइंड होत नाही, ते ठरलेल्या यादीतूनच घ्या.