शिपिंग बिल हा अर्ज असतो, हुकूम नाही

19 ऑगस्ट 2023, शनिवार. निफाडजवळच्या आमच्या खळ्यावर बाया उन्हाळ कांदा निवडत होत्या. गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, एका बाजूला, एक्स्पोर्टचा माल दुसऱ्या बाजूला. मी वजनकाट्याशेजारी बसून सोमवारच्या गाडीचा हिशेब लिहीत होते. संध्याकाळी व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर अधिसूचनेचा फोटो आला: कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क, आजपासून लागू.

माझे तीन कंटेनर मलेशियाला, पोर्ट क्लांगला जायचे होते. दोघांना एलईओ, म्हणजे कस्टम्सचा लोडिंगचा हुकूम, शुक्रवारीच मिळाला होता. तिसरा न्हावाशेव्याच्या सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराजवळच्या कंटेनर गोदामात, अडकला होता. कारण अगदी छोटं होतं. इन्व्हॉइसवर गोणीचं वजन 18 किलो होतं आणि पॅकिंग लिस्टवर 20. ती चूक माझ्याच हातची. दुरुस्तीला शनिवार गेला.

तरी मी निश्चिंत होते. करार दहा दिवसांपूर्वीचा, शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीसाठी कस्टम्सला द्यायचा फॉर्म, शुक्रवारी दाखल केलेलं, माल आत पोहोचलेला. शुल्क आज लागलं, माझा व्यवहार कालचा, मग मला कसं लागेल? उरणचे एक सीएचए काका, म्हणजे कस्टम्सचे कागद करणारे एजंट, माझं काम बघायचे. त्यांना फोन केला. ते म्हणाले, "पोरी, शिपिंग बिल हा तुझा अर्ज. हुकूम अजून झालेला नाही. हुकूम ज्या दिवशी होईल, त्या दिवसाचा दर."

नव्याने निर्यातीत येणाऱ्यांसाठी मी जे लिहितेय, ते या एका वाक्याभोवती आहे. आयईसी (आयात-निर्यातीचा नोंदणी क्रमांक), एपीडाची (शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेची) नोंदणी, फायटो (मालात रोग-कीड नसल्याचा दाखला) या गोष्टी तुम्हाला माहीत असतील किंवा आठवड्याभरात कळतील. ही मात्र कोणी सांगत नाही, म्हणून जरा रेंगाळून सांगते.

सीमाशुल्क कायदा 1962, कलम 16. निर्यातीच्या मालाला शुल्काचा दर कोणत्या दिवसाचा लागतो, ते तिथे लिहिलंय. करार झाला तो दिवस नाही, एलसी, म्हणजे बँकेची पैशांची हमी, उघडली तो नाही, पैसे आले तो नाही, शिपिंग बिल भरलं तोही नाही. कलम 51 खाली अधिकारी माल सोडायला आणि जहाजावर चढवायला परवानगी देतो, तो दिवस. आमच्या बोलीत एलईओचा दिवस. त्याच्या आधी तुमचा कंटेनर बंदराच्या दारात असला काय आणि माल कांद्याच्या चाळीत असला काय, शुल्कापुरता फरक शून्य.

आता आकडे बघा. 28 टन माल, एफओबी, म्हणजे जहाजावर चढेपर्यंतची किंमत, 300 डॉलर टन, म्हणजे 8,400 डॉलर. त्याचे 40 टक्के म्हणजे 3,360 डॉलर. तेव्हा डॉलर 83 च्या आसपास होता, म्हणजे जवळपास 2 लाख 79 हजार रुपये. किलोमागे मला सुटणार होते दीड रुपये, पूर्ण कंटेनरचे 42 हजार. एका गोणीच्या वजनातल्या दोन किलोंच्या तफावतीने साडेसहा कंटेनरांची कमाई गेली.

माल परत घेता आला असता, बॅक टू टाउन करून, म्हणजे निर्यात रद्द करून बंदरातून माघारी आणून. पण तिकडचा खरेदीदार करार दाखवत होता, आणि त्याचं बरोबर होतं. मी ठरलेल्या भावात ठरलेला माल द्यायला बांधलेली होते. मी त्याला लिहिलं, "ही आमच्या सरकारची अनपेक्षित कारवाई आहे, निम्मं शुल्क तुम्ही घ्या." त्याने नम्रपणे नकार दिला. मी खूप चिडले होते. कायदा वाचल्यावर चीड उतरली.

बंदी आणि शुल्क कायद्याच्या नजरेत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्याइतकीच इथे बहुतेक नव्या मुलांची गफलत होते. बंदी आली की माल पाठवणंच बेकायदा होतं. भारतीय करार कायदा 1872 चं कलम 56 सांगतं की करारानंतर एखादी गोष्ट अशक्य किंवा बेकायदा झाली, तर करार संपतो. शुल्काने मात्र काहीच अशक्य होत नाही, फक्त महाग होतं. आणि महाग झालं म्हणून करार सुटत नाही. सुप्रीम कोर्टाचा 2017 चा एनर्जी वॉचडॉगचा निकाल याच मुद्द्यावर आहे. इंडोनेशियाने 2010 मध्ये नियम बदलला, तिथला कोळसा महागला, आणि इथल्या वीज कंपन्या म्हणाल्या की आता ठरलेल्या दराने वीज देणं जमणार नाही. कोर्टाने ते ऐकलं नाही. कोळसा महाग झाला म्हणून करार मोडत नाही. तिथे हजारो कोटींचे करार होते आणि माझा एक कंटेनर, पण नियम तोच. तुमच्या करारावर दुसऱ्या देशाचा कायदा लागू असेल तर आणखी वेगळं वाचावं लागेल, ते वकिलालाच विचारा.

उलट बाजूही सांगते. नाफेडने 1980 मध्ये अलिमेंटा या स्विस कंपनीला शेंगदाणा द्यायचा करार केला होता. माल पूर्ण गेला नाही, पुढे सरकारने परवानगी नाकारली, लंडनच्या लवादाने नाफेडविरुद्ध निवाडा दिला. प्रकरण फिरत फिरत एप्रिल 2020 मध्ये सुप्रीम कोर्टात निकाली निघालं, नाफेडच्या बाजूने. त्यात निर्णायक ठरलं करारातलं 14 वं कलम: सरकारने निर्यात रोखली तर करार रद्द समजायचा. हे कलम लिहिलेलं होतं, तरी चाळीस वर्षं लागली. नसतं तर काय झालं असतं, याचा विचार करा.

म्हणून माझ्या करारात आता हे असतं, साध्या भाषेत: "करारानंतर भारत सरकारने निर्यातशुल्क लावलं किंवा वाढवलं, किमान निर्यात किंमत ठरवली किंवा बंदी घातली, आणि एलईओ झालेला नसेल, तर वाढीव खर्च खरेदीदाराचा. त्याला तो मान्य नसेल तर तेवढ्या मालापुरता करार रद्द, आगाऊ रक्कम सात दिवसांत परत." असं लिहिलं तर खरेदीदार पळून जाईल अशी भीती मला वाटायची. एकही पळाला नाही. दुबई, कोलंबो, क्लांगचे कांद्याचे व्यापारी आपल्या सरकारला आपल्यापेक्षा जास्त ओळखतात.

आणि ओळखावंच लागतं. 1998 मध्ये दिल्लीची निवडणूक कांद्याच्या भावावर गेली, तेव्हापासून कोणतंही सरकार कांद्याकडे भाजी म्हणून बघत नाही. सप्टेंबर 2019 मध्ये बंदी. बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना काही दिवसांनी दिल्लीत आल्या होत्या आणि स्वयंपाक्याला कांद्याशिवाय रांधायला सांगितल्याचं जाहीरपणे बोलल्या होत्या. सप्टेंबर 2020 मध्ये पुन्हा बंदी. 2023 ला ऑगस्टमध्ये शुल्क, 28 ऑक्टोबरला टनाला 800 डॉलर किमान किंमत (त्याखाली निर्यात नाही), 8 डिसेंबरपासून पूर्ण बंदी. 4 मे 2024 ला बंदी उठली, पण 550 डॉलर किमान किंमत आणि 40 टक्के शुल्क लावून. त्याच महिन्यात आमच्याकडे लोकसभेचं मतदान होतं. सप्टेंबरमध्ये शुल्क 20 टक्क्यांवर आलं, विधानसभेच्या तोंडावर. 1 एप्रिल 2025 पासून शून्य. यातल्या 19 ऑगस्ट, 28 ऑक्टोबर आणि 4 मे या तिन्ही तारखा शनिवारच्या आहेत. त्यामुळे माझा नियम असा की कंटेनर शुक्रवारी दुपारनंतर आत जाईल असं नियोजनच करायचं नाही. समोरच्या देशाचंही राजकारण असतं. बांगलादेशने 2023 मध्ये त्यांच्या शेतकऱ्याचा कांदा बाजारात आल्यावर मार्चमध्ये आयात परवाने थांबवले आणि भाव चढल्यावर जूनमध्ये पुन्हा दिले. तिकडची पिकं कधी निघतात, हे लासलगावच्या भावाइतकंच बघत जा.

आता शॉर्टकटबद्दल. यात मी कडक बोलणार आहे.

त्या शनिवारी रात्री मला एकाने फोन केला. "ताई, इन्व्हॉइस 300 ऐवजी 200 ची करा, फरक तिकडून दुसऱ्या वाटेने घ्या." दोन महिन्यांनी किमान किंमत आल्यावर तोच माणूस उलटं सांगत होता: बिल 800 चं करा, खरा भाव कमी ठेवा, वरचे पैसे खरेदीदाराला गुपचूप परत द्या. शुल्क असलं की भाव कमी दाखवायचा मोह, किमान किंमत असली की जास्त दाखवायचा. बंदी आली की टोमॅटोच्या खोक्यांमागे गोण्या लपवायचा. खोट्या भावाच्या या दोन्ही वाटा कस्टम्स कायद्याबरोबर फेमा या परकीय चलनाच्या कायद्यातही अडकतात. मनाई असलेला माल पाठवताना सापडलात तर कलम 114 खाली मालाच्या किमतीच्या तिप्पट दंड होऊ शकतो.

खरं सांगते, त्या रात्री मी दोन तास विचार केला होता. काकांनी एकच प्रश्न विचारला: "तो खरेदीदार उद्या भांडला, तर तुझे व्हॉट्सअॅप मेसेज कोणाकडे असतील?" मग मी शुल्क भरलं. वडिलांनी ट्रॅक्टरसाठी बाजूला ठेवलेले पैसे त्यात गेले. वर्षभर त्या विषयावर घरात कोणी बोललं नाही.

दोन दिवसांत निर्यातदार बनवणाऱ्या शिबिरांबद्दल माझं मत वाईट आहे. हॉटेलच्या हॉलमध्ये तुम्हाला खरेदीदार शोधायला शिकवतात, कलम 16 शिकवत नाहीत. त्या फीच्या पैशात आठ दिवस उरणला खोली घ्या, एखाद्या सीएचएकडे कागद लावायला बसा. चहा आणा, गोणी मोजा. माझ्या सगळ्या शिक्षणापेक्षा ते आठ दिवस मोठे आहेत. ज्या गुरूने स्वतः कधी शुल्क खिशातून भरलं नाही, त्याचा सल्ला जपून घ्या.

घाबरवायचा हेतू नाही. हे काम जमतं. मी आजही करते. डिसेंबरची बंदी आली तेव्हा माझ्या करारात ते कलम होतं. खरेदीदाराने एका मेलवर करार रद्द केला, मी सहाव्या दिवशी त्याचे पैसे परत केले, आणि बंदी उठल्यावर पहिली ऑर्डर त्याचीच आली.

पण त्या कलमाने फक्त माझा आणि त्याचा हिशेब मिटवला. खळ्यावर दोन शेतकऱ्यांचा लाल कांदा होता. एकाचा तोललेला, दुसऱ्याचा फक्त शब्द दिलेला. बंदीनंतर लिलाव बंद पडले, सुरू झाले तेव्हा भाव कोसळलेले. त्यांच्याशी माझा कागद नव्हता, कायद्याने मला कोणी विचारलं नसतं. ज्याचा कांदा तोलला होता त्याला ठरलेला भाव पूर्ण दिला, तीन हप्त्यांत. ज्याला शब्द दिला होता, त्याच्या ओट्यावर जाऊन बसले, बँकेचं पासबुक दाखवलं आणि विचारलं की किती द्यायला जमेल ते बघा. त्यांनी आणि मी तोटा निम्मा निम्मा वाटून घेतला. मला ते अजूनही पुरेसं वाटत नाही. आता शेतकऱ्याशीही एक पानाचा कागद करते, बंदी आली तर कोणी किती सोसायचं, दोघांच्या सह्या.

गेल्या महिन्यात पिंपळगावच्या एका मुलाचा फोन आला. पहिलाच कंटेनर, कोलंबोला. म्हणाला, "ताई, आता शुल्क शून्य आहे, मग ते कलम कशाला घालू?" मी म्हटलं, तीन ओळींना किती शाई लागते? रात्री त्याने करार पाठवला. तिन्ही ओळी होत्या, बंदीचं नीट लिहिलं होतं, किमान किंमतही होती. शुल्काचा शब्द राहिला होता. मी तेवढ्यावर लाल खूण करून परत पाठवला.