चार अँटेनांच्या लिंकमध्ये चॅनेलचा अंदाज आणि अनुकूली प्रक्षेपण कसे करावे

चार प्रक्षेपक आणि चार ग्राही अँटेना असल्या की त्यांच्यामध्ये सोळा वाटा तयार होतात. प्रत्येक वाटेवर सिग्नलचा जोर आणि फेज वेगळ्या प्रमाणात बदलतात. या सोळा गुणकांचा मिळून चॅनेल मॅट्रिक्स होतो. तो मोजायचा आणि त्यानुसार पॉवर, मॉड्युलेशन (बिट सिग्नलवर चढवण्याची पद्धत) आणि एकाच वेळी समांतर पाठवायच्या डेटा-प्रवाहांची संख्या ठरवायची, एवढेच काम आहे. मात्र मोजलेला मॅट्रिक्स शिळा होत जातो, आणि बहुतेक बिघाड तिथूनच सुरू होतात. खालचा क्रम सिम्युलेशनला आणि एसडीआर (सॉफ्टवेअरने चालणाऱ्या रेडिओच्या) बोर्डाला सारखाच लागू आहे. उदाहरणासाठी ३.५ गिगाहर्ट्झ वाहक आणि ३० किलोहर्ट्झ अंतराचे ओएफडीएम उपवाहक (बँड अनेक अरुंद वाहकांत वाटण्याची पद्धत) धरले आहेत.

१. चॅनेल किती वेळ टिकतो ते काढा

वेगाला वाहक वारंवारतेने गुणून प्रकाशाच्या वेगाने भागले की डॉप्लर, म्हणजे हालचालीमुळे वारंवारतेत होणारा बदल, मिळतो. ताशी ६० किमी वेगाला तो सुमारे १९४ हर्ट्झ येतो, तर ताशी ३ किमीला १० हर्ट्झच्या आत राहतो. ०.४२३ ला डॉप्लरने भागल्यास चॅनेल साधारण किती काळ तसाच राहतो ते कळते: पहिल्या वेगाला २.२ मिलिसेकंद, दुसऱ्याला ४३ मिलिसेकंद. हे दोन आकडे कागदावर लिहून ठेवा, शेवटच्या पायरीपर्यंत लागतील.

२. पायलट मांडा

पायलट म्हणजे ग्राहीला आधीच माहीत असलेली चिन्हे. चार अँटेना वेगळ्या ओळखायच्या तर किमान चार पायलट चिन्हे लागतात. चारही अँटेनांना हॅडामार्ड मॅट्रिक्सची (अधिक-उणे एकचा, परस्परांत न मिसळणाऱ्या ओळींचा मॅट्रिक्स) एकेक ओळ द्या. एका वेळी एकच अँटेना चालू ठेवण्याची पद्धत समजायला सोपी आहे, पण प्रत्येक अँटेनाच्या ॲम्प्लिफायरला पॉवरची मर्यादा असते. तीन ॲम्प्लिफायर गप्प बसले की मोजमापात ६ डीबी गमावले जातात.

वारंवारतेच्या दिशेने दोन पायलटमधले अंतर सर्वांत उशिरा येणाऱ्या प्रतिध्वनीच्या व्यस्तापेक्षा कमी हवे. उशीर २ मायक्रोसेकंद असेल तर मर्यादा ५०० किलोहर्ट्झ, म्हणजे १६ उपवाहक. प्रत्यक्षात दर ८ उपवाहकांना एक पायलट ठेवावा, कारण मर्यादेच्या काठावर मधल्या उपवाहकांचे मूल्य नीट भरून काढता येत नाही.

पायलट पाठवण्याआधी वारंवारतेची चूक दुरुस्त करा. क्रिस्टलमध्ये दशलक्षांश १ इतका फरक असला तरी ३.५ किलोहर्ट्झ सरक होते. पहिल्या आणि चौथ्या चिन्हात १०७ मायक्रोसेकंद असतात. तेवढ्यात फेज १३५ अंश फिरते आणि हॅडामार्डच्या ओळी एकमेकींत मिसळतात.

३. अंदाज काढा आणि तपासा

लघुतम वर्ग पद्धतीत मिळालेल्या सिग्नलला पायलट मॅट्रिक्सच्या व्यस्ताने गुणायचे. हॅडामार्ड असल्याने हा व्यस्त म्हणजे संयुग्मी पक्षांतर भागिले एक स्थिरांक. एकूण पॉवर १ चार अँटेनांत समान वाटली आणि प्रत्येक वाटेची सरासरी पॉवर १ धरली, तर अंदाजातल्या चुकीची पॉवर गोंगाटाच्या पॉवरइतकीच यायला हवी. म्हणजे एसएनआर (सिग्नल आणि गोंगाट यांच्या पॉवरचे गुणोत्तर) २० डीबी असताना चूक उणे २० डीबी, ३० असताना उणे ३०.

ही चाचणी वगळू नका. एसएनआर वाढवूनही चूक एका पातळीला अडून बसली, तर दोष गोंगाटात नाही: पायलट विरळ आहेत किंवा वारंवारतेची चूक उरली आहे. चूक सगळीकडे ठरावीक डीबीने सरकलेली दिसली, तर पॉवरची वाटणी चुकली आहे. अँटेना वाढवताना एकूण पॉवर नकळत वाढवणे ही सिम्युलेशनमधली नेहमीची फसवणूक. पायथनच्या नम्पाय लायब्ररीमध्ये साधे पक्षांतर संयुग्म घेत नाही, मॅटलॅबमधले एका अवतरणचिन्हाचे घेते. कोड एकीकडून दुसरीकडे नेताना इथे हमखास घोळ होतो.

एमएमएसई (सरासरी वर्ग चूक किमान ठेवणाऱ्या) अंदाजकात गोंगाटाची पातळी आणि चॅनेलची सांख्यिकी वापरली जाते. वाटा परस्परांशी असंबद्ध असतील तर ० डीबीला ३ डीबी फायदा होतो आणि २० डीबीला जवळजवळ काहीच नाही. अँटेना एकमेकींच्या जवळ असतील किंवा एसएनआर कमी असेल तरच त्यासाठी खटपट करा.

४. पॉवर वाटा

मॅट्रिक्सचे एसव्हीडी (एकल मूल्यांत विघटन) केले की चार स्वतंत्र प्रवाह दिसतात. समजा त्यांचा पॉवर गेन ४, १.४४, ०.२५ आणि ०.०१ आहे आणि वाटायची एकूण पॉवर ४. गोंगाट ०.१ असताना वॉटर-फिलिंग (चांगल्या प्रवाहाला जास्त पॉवर देणारी वाटणी) अनुक्रमे १.४७, १.४३, १.१० आणि शून्य देते. गोंगाट १ झाला की तिसरा प्रवाहही बंद पडतो आणि उरलेल्या दोघांना २.२२ व १.७८ मिळते. चारही प्रवाह हट्टाने चालवणे तोट्याचे.

५. मॉड्युलेशन निवडा

निवड प्रत्येक प्रवाहाच्या समकरणानंतरच्या, म्हणजे चॅनेलचा परिणाम काढून टाकल्यानंतरच्या, एसआयएनआरवरून (सिग्नल आणि व्यत्यय अधिक गोंगाट यांच्या गुणोत्तरावरून) करा. अँटेनाजवळ मोजलेला एसएनआर फसवतो. क्यूपीएसके, १६, ६४ आणि २५६-क्वॅम ही मॉड्युलेशने प्रत्येक चिन्हात अनुक्रमे २, ४, ६, ८ बिट नेतात. उंबरठे कितीही काळजीपूर्वक लावले तरी ते थोडे चुकतातच, म्हणून बाहेरून एक दुरुस्ती चक्र लावा: ब्लॉक चुकला की १ डीबी सावध व्हा, बरोबर आला की ०.११ डीबी धीट व्हा. १० टक्के ब्लॉक-चूक हे लक्ष्य यातून आपोआप साधते.

६. माहिती शिळी झाल्यावर

मोजणी आणि वापर यांत १ मिलिसेकंद गेला, तर ताशी ६० किमीला जुन्या आणि नव्या चॅनेलचा सहसंबंध ०.६६ वर येतो. म्हणजे नव्या चॅनेलच्या पॉवरपैकी ५६ टक्के जुन्या अंदाजातून सांगताच येत नाही. ताशी ३ किमीला हाच सहसंबंध ०.९९९ असतो. त्यामुळे डेटाबरोबर त्याच प्रीकोडिंगमधून (चॅनेलनुसार अँटेनांवर सिग्नलची आधीच केलेली मांडणी) पायलटही पाठवा आणि ग्राहीकडे प्रभावी चॅनेल नव्याने मोजा. जुने एसव्हीडी तिथे लावू नका. टीडीडीमध्ये (दोन्ही दिशा एकाच वारंवारतेवर आळीपाळीने चालवण्याच्या पद्धतीत) परतीच्या दिशेचे मोजमाप वापरत असाल तर प्रक्षेपक आणि ग्राही परिपथांचा फरक कॅलिब्रेट करावा लागतो, कारण सारखी असते ती हवेतली वाट, यंत्रातली नव्हे.

सहसंबंध ०.९ च्या खाली गेला की प्रीकोडिंग सोडून ठरावीक, माहिती न लागणाऱ्या पद्धतीवर जा. दोन अँटेनांसाठी १९९८ची अलामाउटी संहिता हा त्यातला सर्वांत भरवशाचा मार्ग. परत येण्यासाठी मर्यादा ०.९५ ठेवा. दोन्ही बाजूंना एकच आकडा ठेवला तर प्रणाली सतत या पद्धतीतून त्या पद्धतीत उड्या मारते आणि प्रत्येक उडीला काही ब्लॉक वाया जातात.