रियुनियनवर फील्डवर्क: उंचीवरून वय ठरवू नका

रियुनियनला, म्हणजे हिंद महासागरातल्या फ्रेंच ज्वालामुखी बेटावर, भूशास्त्राच्या प्रबंधासाठी निघालेली मुलं पहिला प्रश्न विचारतात तो वाहता लाव्हा दिसेल का, हा. दिसेलही. पितों द ला फुर्नेझ हा जगातल्या सर्वांत जास्त जागत्या ज्वालामुखींपैकी एक आहे आणि एखाद्या वर्षात त्याचे दोन-तीन उद्रेकही होतात. पण त्यावर बेत आखू नका. १९९२ नंतर तो जवळजवळ साडेपाच वर्षं गप्प होता, थेट मार्च १९९८ पर्यंत. आणि उद्रेकाची चिन्हं दिसली की पा द बेलकोंबच्या कड्यावरचं फाटक बंद होतं, तुम्ही कुठल्याही विद्यापीठाचं पत्र दाखवा. तुमचा प्रबंध थंड दगडावर होणार आहे, हे घरून निघतानाच मान्य करून टाका.

हॉटस्पॉटची, म्हणजे सरकत्या भूखंडाखाली एका जागी राहून लाव्हा पुरवणाऱ्या उष्ण ठिकाणाची, गोष्ट तुम्हाला पाठ असेल: साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचे बेसाल्ट (आपला काळा दगड), मग भूखंड उत्तरेकडे सरकत गेल्यावर मागे राहिलेली लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मॉरिशस ही माळ, आणि आज रियुनियन. त्यामुळे आपल्याकडची मुलं तिथे ‘हा तर आपलाच दगड’ अशा थाटात उतरतात. मीही तशीच उतरले होते. तो थाट पहिल्याच आठवड्यात नडतो.

कसा, ते जरा लांबण लावून सांगते, कारण या एका गोष्टीसाठीच लिहायला बसले आहे.

सह्याद्रीत आपल्या डोळ्यांना एक सवय लागते. थर जवळपास आडवे. घाट चढत जायचं, खालचा गोठलेला लाव्हाप्रवाह जुना, वरचा नवा, मध्ये कुठे भाजलेल्या मातीचा लाल पट्टा. उंची लिहिली की क्रम लागला. रियुनियनवर हा हिशेब चालत नाही. तिथे डोंगर बांधणं आणि डोंगर कापणं ही दोन्ही कामं एकाच वेळी चालू आहेत. पाऊस किती, तर जानेवारी १९६६ मध्ये फोक-फोक इथे २४ तासांत १,८२५ मिलिमीटर. फेब्रुवारी २००७ मध्ये गामेद चक्रीवादळात कोमर्सन विवरापाशी तीन दिवसांत ३,९०० मिलिमीटरहून अधिक. दोन्ही जागतिक विक्रम. असं पाणी शेकडो मीटर खोल घळी कापतं. आणि वरचा ज्वालामुखी अजून जिवंत असल्यामुळे पुढच्या उद्रेकाचा लाव्हा त्याच घळीत उतरतो, तळातून वाहतो आणि ती भरून काढतो. नदी पुन्हा कापायला लागते, ती बहुतेक वेळा जुनी भिंत आणि नवा भराव यांच्या सांध्यातूनच.

आता तुम्ही दरीत उभे आहात. डोक्यावर जुना कडा, पायाशी लाव्हा. सह्याद्रीच्या सवयीने पायाशी असलेला प्रवाह तुम्ही यादीत सर्वांत जुना म्हणून टाकता. प्रत्यक्षात तो त्या कड्यापेक्षा लाखो वर्षांनी तरुण असू शकतो. रिव्हिएर दे रांपार हे याचं ठळक उदाहरण: कोमर्सन विवरातून निघालेला लाव्हा या दरीत उतरला आणि खाली सां-जोझेफच्या बाजूला गेला. दरीची भिंत आणि दरीचा तळ, दोघांची कुंडली वेगळी.

माझा अख्खा लॉग, म्हणजे थरांची क्रमवार नोंद, यामुळे उलटा लागला होता. रासायनिक विश्लेषण क्रमात बसेना, तेव्हा आम्ही प्रयोगशाळेवर संशय घेत राहिलो. दोष फील्डबुकात होता.

म्हणून उंची मोजण्याआधी सांधा शोधा. प्रवाहाच्या बुडाशी नदीचे गोटे आहेत का? असतील तर तो दरीत वाहून आला. सांध्याची रेघ तिरकी किंवा उभी आहे का, आणि जुन्या प्रवाहांचे थर तिथे कापल्यासारखे थांबतात का? स्तंभाकार भेगांची दिशा बघा: भेगा थंड होणाऱ्या पृष्ठभागाला काटकोनात वाढतात, त्यामुळे दरीच्या भिंतीला टेकून गोठलेल्या लाव्हात त्या उभ्या न राहता आडव्या होतात किंवा पंख्यासारख्या पसरतात. या खुणा उन्हात, जवळून, दोन्ही बाजूंनी बघाव्या लागतात. ड्रोनच्या फोटोत त्या सापडतात असं मला कुणी सांगू नये. ड्रोन फोटो छान काढतं, सांधा हाताने चाचपावा लागतो.

हे वाचून धडधडायला लागलं असेल तर एक सांगते: एकदा पहिला सांधा नीट दिसला की पुढचे आपोआप दिसू लागतात. खरंच.

सिर्क, म्हणजे माफात, सालाझी आणि सिलाओस ही तीन प्रचंड खोरी, इथे गुंता आणखी वाढतो. पितों दे नेज हा जुना ज्वालामुखी, उंची ३,०७० मीटर. त्याचा सर्वांत जुना उघडा दगड सुमारे २१ लाख वर्षांचा. खोऱ्यांच्या तळाशी जे तुटक्या दगडांचं घट्ट मिश्रण दिसतं, ते पाहून ‘स्फोटक उद्रेक’ असं लिहायची घाई करू नका. त्यातलं पुष्कळसं कोसळलेल्या डोंगराचं आहे. मध्ये घुसलेले सिल, म्हणजे जुन्या थरांच्या मध्ये शिरून तिथेच गोठलेला लाव्हा, थरांसारखेच आडवे दिसतात. वरचा सांधाही भाजलेला असेल तर तो लाव्हा बाहेर वाहिलेला नाही, आतच घुसला. आणि पोकळ्यांत झिओलाइट (दगड बदलल्यावर पोकळ्यांत भरणारं खनिज) दिसला की वयमापनासाठी तो नमुना उचलू नका. बदललेल्या दगडातून आर्गॉन, म्हणजे ज्यावरून वय मोजतात तो वायू, निसटलेला असतो, मग वय वाट्टेल ते येतं.

रंगावरून वय हा शॉर्टकट तर अजिबात नको. पूर्वेच्या ग्रां ब्रुलेमध्ये ओलाव्यामुळे काही वर्षांतच लाव्हावर करडं दगडफूल चढतं, मग नेचे येतात. वर प्लेन दे साब्लच्या थंड, उघड्या पठारावर कितीतरी जुना दगडही कालचा वाटतो. १९७७चा, सेंत-रोझच्या चर्चला वेढा घालून थांबलेला प्रवाह आणि २००७चा त्रांब्लेजवळ समुद्रात गेलेला प्रवाह, हे दोन आधी पाहून घ्या. त्यांची वयं नक्की ठाऊक आहेत, डोळा त्यांच्यावर जुळवा. २००७च्या प्रवाहात ऑलिव्हीनचे हिरवट स्फटिक साध्या भिंगाने दिसतात; त्याच उद्रेकात शिखरावरचं दोलोमिऊ विवर तीनशेहून अधिक मीटर खचलं.

मार्गदर्शकाबद्दल माझं मत थोडं कडू आहे. शोधनिबंधांची यादी बघून मार्गदर्शक निवडू नका. जो तुमचं फील्डबुक उघडून ‘हा सांधा तू पाहिलास की गृहीत धरलास?’ असं विचारतो, तो धरा. नुसते आलेख मागणारे पुष्कळ भेटतील.

फ्रेंच शिका. सॉफ्टवेअरच्या आधी शिका. जुने नकाशे, दरडींचे अहवाल, ज्वालामुखी वेधशाळेची पत्रकं, सगळं फ्रेंचमध्ये. ही वेधशाळा १९७७च्या त्या उद्रेकानंतर, १९७९ मध्ये बूर-म्युरा इथे उभी राहिली.

परवानगीचं आधी बघा. बेटाचा सुमारे ४० टक्के भाग २०१० पासून जागतिक वारसा आहे आणि राष्ट्रीय उद्यानाच्या गाभ्यात विनापरवाना हातोडी चालवता येत नाही. माफातमध्ये गाडीरस्ताच नाही, त्यामुळे जमवलेला प्रत्येक नमुना पाठीवर चढवत बाहेर आणायचा आहे. मुठीएवढा, ताजा, कवच काढलेला तुकडा पुरतो. ढग दुपारच्या आतच कडे झाकतात, म्हणून पहाटे निघा. आणि पावसानंतर कड्याखाली थांबून नोंदी करू नका. १८७५ मध्ये सालाझीत ग्रां साब्लची वस्ती दरडीखाली गेली, तेच कडे अजून सैल आहेत. नोंदी उघड्यावर येऊन लिहा, पण त्याच दिवशी लिहा.